डांबरगोळीतली जहाजं

हा या आठवड्याच्या भागाचा लेखी मजकूर. ज्यांना बसमध्ये हेडफोन सापडत नाही, त्यांच्यासाठी. बोलताना मधे मधे येणारे ‘अं’ आणि ‘म्हणजे कसंय’ तेवढे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे सरकारी जहाजं. तीही निवृत्त झालेली. आता तुम्ही म्हणाल, हा औसा तालुक्यातला पोरगा, नांदेडात शिकला, पुण्यात बसून कोड लिहितो, याचा आणि समुद्राचा काय संबंध? बरोबर आहे. मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो एकविसाव्या वर्षी, मुंबईला नोकरीच्या मुलाखतीला गेलो तेव्हा. म्हणून सुरुवात समुद्रापासून करत नाही. आमच्या शेतातल्या ऑइल इंजिनापासून करतो.

आबांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, विहिरीवर एक डिझेलचं इंजिन होतं. पुढे वीज आली, मोटार बसली, आणि इंजिन पत्र्याच्या शेडात गेलं. वर पोतं, त्यावर ताडपत्री, त्यावर दोरी. आईनं दोनदा भंगारवाल्याला बोलावलं. आबा दोन्ही वेळा म्हणाले, “ऱ्हाऊ दे, कधीतरी कामाला येतंय.”

ते ‘कधीतरी’ आलं २०१६ च्या उन्हाळ्यात. लातूरकरांना ते वर्ष वेगळं सांगायला नको. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, ते वर्ष. मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. गावाकडे आमच्या विहिरीत परसभर पाणी उरलेलं, जनावरांपुरतं. आणि नेमकी डीपी जळाली. आठ दिवस लाइट येणार नव्हती. आबांनी ताडपत्री काढायला लावली. हँडल मारायला गेलो तर ते जागचं हलेना. पिस्टन जाम झालेला, टाकीतल्या डिझेलचा चिकटा झालेला, नळीत उंदराचं घर.

शेजारच्या तात्यांकडेही त्याच वयाचं इंजिन होतं. तेही वापरात नव्हतं. पण ते दुसऱ्या हँडलला सुरू झालं. आमची जनावरं ते आठ दिवस त्यांच्या पाण्यावर जगली. मी विचारलं, तात्या, तुमचं कसं काय चालू झालं? ते म्हणाले, “इंजिन ठिवायचं म्हंजी नुस्तं झाकायचं नसतं बाबा. दर पोळ्याला त्येल बदलतो, घटकाभर चालवून बघतो. फिरवावं लागतंय त्येला.”

आजच्या भागातली सगळी जहाजं या दोन इंजिनांसारखी आहेत. काही आबांची, काही तात्यांची.

जहाजं अशी जपून ठेवण्याला इंग्रजीत ‘मॉथबॉल’ करणं म्हणतात. मॉथबॉल म्हणजे काय, तर आपली डांबरगोळी. आज्जीच्या ट्रंकेत लुगड्यांमध्ये ठेवलेली असते ना, तीच. जुनं जहाज आज नको, पण उद्या युद्ध झालं, टंचाई आली तर लागेल. मग ते तोडायचं नाही, बांधून, बंद करून ठेवायचं.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. कोकणात पावसाळ्याआधी होड्या आणि गलबतं किनाऱ्यावर ओढून घेतात आणि नारळाच्या झापांनी झाकतात. त्याला शब्दच आहे, ‘शाकारणे’. आपण घर शाकारतो, ते होडी शाकारतात. शिवकाळातलं आरमारसुद्धा पावसाळ्यात समुद्रात नसायचं. नारळी पौर्णिमा झाली की झाप निघायचे. ही काही महिन्यांची डांबरगोळी. सरकारी जहाजांची दहा, वीस, तीस वर्षांची असते, आणि तिथेच गोष्ट अवघड होते.

थोडं तांत्रिक सांगतो, कंटाळू नका. पोलादी जहाज उभं राहिलं की त्याचा शत्रू म्हणजे ओलावा. म्हणून आधी सगळ्या पाइपांमधलं पाणी काढतात. बॉयलर कोरडे करून त्यात ओल शोषणारी द्रव्यं ठेवतात. यंत्रांना जाड तेलाचा लेप देतात. दारं, खिडक्या, चिमण्या, हवेची तोंडं, सगळं सील करतात. मग आत मशीन लावून हवा कोरडी ठेवतात, ओलाव्याचं प्रमाण साधारण ४० टक्क्यांच्या खाली. पाण्याखालच्या पोलादाला गंज लागू नये म्हणून जस्ताचे तुकडे लावतात किंवा हलका विद्युतप्रवाह सोडतात. तळात पाणी झिरपलं तर अलार्म वाजेल अशी सोय असते. आणि एवढं करून माणसं फिरत राहतात, तपासत राहतात. म्हणजे तात्यांचा पोळा.

हे सगळ्यात मोठ्या प्रमाणावर केलं अमेरिकेने. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा त्यांच्याकडे हजारो मालवाहू जहाजं शिल्लक होती. १९४६ मध्ये कायदा करून त्यांनी राखीव ताफा उभा केला. १९५० मध्ये त्यात २,२७७ जहाजं होती. नद्यांच्या मुखाशी, खाड्यांमध्ये, एकाला एक बांधलेली. लगेच कोरियाचं युद्ध आलं आणि त्यातली ५४० जहाजं परत सुरू करून पाठवली गेली.

पण मला ज्या गोष्टीने थांबवलं ती वेगळी आहे. १९५१ ते १९५३ या काळात जगभर जहाजांची टंचाई झाली. तेव्हा या ताफ्यातली सहाशेहून जास्त जहाजं उघडली गेली. कशासाठी? उत्तर युरोपला कोळसा न्यायला, आणि भारतात धान्य आणायला. त्या वेळी भारतात अन्नधान्याची भयंकर ओढ होती. १९५१ मध्ये अमेरिकेने भारताला धान्यासाठी १९ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. पण कर्ज मंजूर झालं म्हणून गहू चालत येत नाही. त्याला जहाज लागतं. ते जहाज कोणीतरी पाच वर्षं, काही काम नसताना, तेल लावून ठेवलं होतं म्हणून ते मिळालं.

पुढे १९५० आणि ६० च्या दशकात याच ताफ्यातल्या जहाजांच्या पोटात अमेरिकेने आपला जादा गहू साठवला. तरंगतं पेवच म्हणा. ज्यांना पेव माहीत नाही त्यांच्यासाठी: आपल्याकडे जमिनीत खोल खड्डा खणून त्यात ज्वारी ठेवायचे, तोंड मातीनं लिंपून. चांगल्या वर्षात भरायचं, दुष्काळात उघडायचं. पेवाचं सगळं तंत्र एकाच गोष्टीत होतं, आत ओल जाऊ द्यायची नाही. जहाजाचंही तेच.

आता आपल्या देशाकडे येऊ. मी अभ्यासाला बसलो तेव्हा भारताने जहाजं कशी जपली, हे शोधत होतो. सापडलं उलटंच. आपल्या दोन सर्वांत प्रसिद्ध युद्धनौका दुसऱ्याच्या डांबरगोळीतून आलेल्या आहेत.

पहिली, विक्रांत. तिचं मूळ नाव हर्क्युलिस. ब्रिटिश नौदलासाठी तिचं काम १९४३ मध्ये सुरू झालं, २२ सप्टेंबर १९४५ ला ती पाण्यात उतरली. तोवर युद्ध संपलेलं. काम थांबलं आणि अर्धवट विमानवाहू नौका बाजूला ठेवून दिली गेली. सुमारे दहा वर्षं ती तशीच होती. जानेवारी १९५७ मध्ये भारताने ती विकत घेतली. बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फ गोदीत, जिथे टायटॅनिक बांधली गेली त्याच गोदीत, तिचं उरलेलं काम पूर्ण झालं. विमानं उतरवायला तिरकी धावपट्टी आणि विमान फेकायला वाफेचं यंत्र बसवलं. ४ मार्च १९६१ ला ती आयएनएस विक्रांत झाली. ३ नोव्हेंबरला मुंबईत आली तेव्हा स्वागताला पंडित नेहरू होते.

१९७१ च्या युद्धाआधी तिच्या बॉयलरला तडे गेले होते, पूर्ण वेगाने धावता येत नव्हतं. तरी तिला बंगालच्या उपसागरात नेलं. ४ डिसेंबरपासून तिच्यावरच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावच्या बंदरांवर हल्ले केले. पूर्व पाकिस्तानची समुद्राकडची वाट बंद झाली. तिच्यावरच्या लोकांना २ महावीर चक्रं आणि १२ वीर चक्रं मिळाली. दहा वर्षं कोपऱ्यात पडलेल्या सांगाड्याने पुढे ३६ वर्षं देशाची चाकरी केली.

दुसरी, विराट. ही मूळची हर्मीस, १९५९ पासून ब्रिटिश नौदलात. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ती त्यांच्या ताफ्याची प्रमुख नौका होती. १९८४ मध्ये तिला सेवेतून काढून राखीव ठेवलं. १९८६ मध्ये आपण ती विकत घेतली, दुरुस्त करून घेतली आणि १२ मे १९८७ ला ती आयएनएस विराट झाली. त्यानंतर तीस वर्षं ती आपल्याकडे होती.

म्हणजे ज्यांनी ठेवलं त्यांच्या ते थेट कामाला आलं नाही, पण वाया गेलं नाही. आपल्या कामाला आलं. आता प्रश्न असा, की या नौका आपल्याकडे निवृत्त झाल्या तेव्हा आपण काय केलं?

विक्रांतचा ध्वज ३१ जानेवारी १९९७ ला उतरला. माझा जन्म त्याच वर्षीचा, म्हणून ही तारीख लक्षात राहते. तिला तोडायचं नाही, संग्रहालय करायचं असं ठरलं. २००१ पासून ती मुंबईत लोकांना बघायला खुली होती. पण ती पाण्यातच होती. खारं पाणी, खालून गंज, आणि कायमस्वरूपी पैसे कोण देणार याचं उत्तर नाही. राज्य सरकार, नौदल, खासगी भागीदार, वर्षानुवर्षं चर्चा झाली. २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणाने ती लोकांसाठी बंद केली. २०१४ मध्ये लिलाव झाला, साधारण ६० कोटी रुपयांना ती भंगारात गेली. विरोधातली याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि फेटाळली गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईच्याच दारूखान्यात तिची तोडणी सुरू झाली. तिच्या लोखंडाचा अंश वापरून पुढे एक मोटारसायकल बाजारात आली. माझ्या एका वर्गमित्राकडे ती होती. आम्ही तिच्या टाकीवर हात फिरवून बघायचो, खरंच विक्रांत आहे का म्हणून.

विराटची गोष्ट तीच, फक्त वेगाने. ६ मार्च २०१७ ला मुंबईत ती निवृत्त झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ८५२ कोटींचा प्रकल्प मंजूर केला. सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचं संग्रहालय करायचं होतं. तो झाला नाही. तिचा लिलाव झाला ३८ कोटी ५४ लाखांना. सप्टेंबर २०२० मध्ये ती गुजरातच्या अलंगला पोचली.

हे दोन आकडे मी कागदावर एकाखाली एक लिहिले. ठेवायला ८५२ कोटी, भंगारात ३८ कोटी. पहिल्यांदा वाईट वाटलं. मग डोकं शांत करून विचार केला, तेव्हा नौदलाची बाजूही दिसली. मुंबईच्या गोदीत धक्क्याची जागा सोन्याहून महाग. एवढी मोठी नौका तिथे पडून राहिली तर चालू नौकांना जागा कुठून आणायची? ती बुडायला लागली तर? आणि तिच्यावर पहारा, पंप, वीज, रंग, हे रोज कोणीतरी करायला हवं. नौदलाचं काम लढणं आहे, म्हातारी जहाजं सांभाळणं नाही.

तर मग चूक कुठे झाली? माझ्या मते भंगारात काढण्यात नाही. चूक झाली ती निवृत्तीच्या दिवशी. ‘ठेवू या’ असं म्हणताना कशासाठी, किती वर्षं, आणि दर वर्षीचे पैसे कोणाच्या खात्यातून, ही तीन उत्तरं नव्हती. ती नसली की ‘ठेवणं’ याचा अर्थ फक्त तोडणं पुढे ढकलणं एवढाच उरतो. आबांची ताडपत्री.

आणि अमेरिका यात फार शहाणी ठरली असंही नाही. कॅलिफोर्नियात सुइसन नावाची खाडी आहे. तिथे ठेवलेल्या जुन्या जहाजांचा विषारी रंग सुटून पाण्यात पडत राहिला. पर्यावरणवाले कोर्टात गेले. २०१० मध्ये तडजोड झाली की ५७ जहाजं २०१७ पर्यंत तिथून हलवायची. ज्यांचा काही उपयोग उरला नव्हता तीही फक्त कोणी निर्णय घेतला नाही म्हणून उभी होती. दुसरा अनुभव १९९० च्या आखाती युद्धाचा. राखीव जहाजं काढली, पण त्यातली जुनी वाफेवर चालणारी यंत्रं चालवता येणारी माणसंच कमी पडली. जहाज ठेवलं, हात ठेवले नाहीत.

आमच्या क्षेत्रातल्या लोकांना हे लगेच पटेल. मी एका ठिकाणी काम करायचो, तिथे रोज रात्री डेटाचा बॅकअप व्हायचा. तीन वर्षं. हिरवा टिक यायचा, सगळे खूश. एके दिवशी खरंच गरज पडली तेव्हा तो उघडेना. तीन वर्षांत एकदाही कोणी तो उघडून बघितला नव्हता. त्यात मीही होतो बरं का. त्या रात्री तीन वाजता ऑफिसात बसलो होतो आणि मला तात्या आठवले.

आपल्याकडे नीट जमलेलं उदाहरणही आहे. विशाखापट्टणमची कुरसुरा पाणबुडी. फेब्रुवारी २००१ मध्ये निवृत्त झाली, ऑगस्ट २००२ मध्ये संग्रहालय म्हणून सुरू झाली. दीड वर्षात. फरक काय? तिला पाण्यात ठेवलं नाही, ओढून किनाऱ्यावर आणून पक्क्या पायावर बसवली. आणि सांभाळणारी संस्था एकच, तिथलं शहर विकास प्राधिकरण. तिकिटं तेच विकतं, रंगही तेच देतं. पाणबुडी विमानवाहू नौकेच्या मानाने लहान असते हेही खरं. पण उपयोग, जागा आणि जबाबदार कोण, तिन्ही उत्तरं आधी ठरलेली होती.

आता महाराष्ट्रातही एक नवा प्रयोग आहे. आयएनएस गुलदार, रणगाडे आणि सैनिक किनाऱ्यावर उतरवणारी नौका. जानेवारी २०२४ मध्ये ती निवृत्त झाली. ती राज्याच्या पर्यटन महामंडळाला मिळाली आहे. योजना अशी की आतलं तेल, विषारी माल साफ करून तिला निवतीजवळच्या समुद्रात तळाशी बसवायचं. तिच्यावर प्रवाळ वाढतील, मासे येतील, पाणबुडे बघायला जातील. ही डांबरगोळी नव्हे, तिला परत कधी चालवायचं नाहीये. पण निदान ‘कशासाठी’ याचं उत्तर आहे. जिथे विराट जाणार होती त्याच निवतीला एक लहान नौका जातेय.

शेवटी आपल्या नदीची गोष्ट. आपल्या नौदलात आयएनएस गोदावरी नावाची युद्धनौका होती हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? मला कॉलेजची चार वर्षं गोदावरीच्या काठावर काढूनही माहीत नव्हतं. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली, १० डिसेंबर १९८३ ला सेवेत दाखल. तिच्या वर्गात तीन नौका, तिन्ही नद्यांच्या नावाच्या: गोदावरी, गंगा, गोमती. ती दोन सी किंग हेलिकॉप्टर घेऊन जाऊ शकायची. सोमालियाच्या चाच्यांविरुद्ध एडनच्या आखातात ती गस्तीला होती. २३ डिसेंबर २०१५ ला मुंबईत तिचा ध्वज उतरला. त्या दिवशी मी नांदेडला होतो, गोवर्धन घाटापासून फार तर दहा मिनिटांवर. मला पत्ताही नव्हता.

तिची बहीण गोमती मे २०२२ मध्ये निवृत्त झाली, तेव्हा उत्तर प्रदेशाने तिच्या आठवणी लखनऊला, गोमती नदीच्या शहरात मांडायचं ठरवलं. कोणीतरी वेळेत मागणी केली, जागा दिली.

नांदेडच्या घाटावर अख्खी युद्धनौका आणा असं मी म्हणत नाही. नदीला उन्हाळ्यात किती पाणी असतं ते आपल्याला ठाऊक आहे. आणि आणली तरी दर पोळ्याला तेल कोण घालणार, हे आधी ठरवावं लागेल. पण शाळेतल्या पोरांना दाखवायला एक नांगर, एक घंटा, एक नावाची पाटी, एवढं मागता आलं असतं. मागायला आधी माहीत असावं लागतं, आणि तेही निवृत्तीच्या आधी. नंतर फक्त लिलावाच्या बातम्या वाचायला मिळतात.

आबा आता नाहीत. इंजिन आहे. मागच्या दिवाळीत मी आणि चुलतभावाने ते पूर्ण खोललं. पिस्टन बदलला, टाकी धुतली, दोन दिवस गेले, हात काळे झाले ते आठवडाभर निघेनात. संध्याकाळी ते सुरू झालं. तात्या बांधावर उभे होते. म्हणाले, “झालं ना? आता पुढल्या पोळ्याला कोण चालवणाराय, ते ठरवा आधी.”

आम्ही ठरवलं. या वर्षी माझी पाळी आहे. सुट्टी टाकली आहे.

तुमच्या घरी ‘कधीतरी कामाला येईल’ म्हणून काय झाकून ठेवलंय, ते कळवा. आणि जमलं तर, पाठवायच्या आधी एकदा चालवून बघा. भेटू पुढच्या भागात.